तांबडं पाणी, हिरवं पाणी

भिवटोला, केशोरीजवळ
१८ एप्रिल २०२५

रीताले केवळभाऊचा आशीर्वाद.

बाबा गेल्यापासून मी कोणाले चिठ्ठी लिहिली नाही. पण फोन करायचा तं तलावाच्या पाळीवर चढा लागते, तवा कुठं टॉवर भेटते, अन् सांजच्या पारी पाळीवर अर्धं गाव बसून राहते. जे सांगायचं आहे ते त्याइच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. म्हून पोस्टानं पाठवून राहिलो.

आपला तलाव बिघडला.

या सालात मच्छिमार संस्थेनं मले अध्यक्ष केलं हे तुले माहीत आहे. पावसाळ्यात बीज सोडलं, रोहू अन् कतला हातभर झाले. मार्चात पाणी हिरवं व्हायले लागलं तवा मी खुशच झालतो. हिरवं पाणी म्हणजे मासोळीचा चारा, असं बाबाच सांगत. पण हे हिरवं तसं नाही निघालं. ऊन तापलं, पाणी उतरलं, अन् वरती ऑइलपेंटचा डबा सांडल्यावानी थर आला. वारा जिकडं जाते तिकडं तो जमा होते. वास असा का पाळीवरून चालवत नाही. सकाळी पाहावं तं मासोळ्या तोंड वर काढून हापसून राहिल्या. आता त्या उलट्या होऊन तरंगतेत. शेजारच्या बकाराम दिघोरेच्या बकऱ्या पाणी पिल्या अन् तिथंच आडव्या झाल्या. कपडे धुवायले उतरलेल्या बायाइच्या पायाले फोड आले.

लोक म्हणून राहिले का इतवारीनं विष टाकलं. तुले इतवारी मडावी आठवते ना, गोंडटोलीवरचा? आपल्या तलावाचा पाणकर, पाळीतला तुडूम उघडून धानाले पाणी सोडणारा. माघात आमी त्याले गरी टाकून मासोळी धरताना पकडलं. संस्थेची मासोळी आहे, घरासाठी बी धरायची नाही, असं मी त्याले साफ सांगतलं. तो चार माणसात ओरडला, “तुमची मासोळी तुमच्या पोटात सडन!” अन् त्याच्या आंगणात गेळाची फळं वाळत आहेत, मी स्वतः पाहिली. गेळ कुटून पाण्यात टाकलं का मासोळी झिंगते, हे लहान पोराले बी माहीत आहे.

तू बारावीपर्यंत शिकली, समुद्राच्या काठावर राहतेस. हेमेंद्र जावई कोळंबीच्या तळ्यावर कामाले आहेत. असं पाणी कोणत्या औषधानं सुधरते ते त्याइले इचारून लवकर लिहजो.

खुशीले गोड पापा. तुझी वहिनी रुख्मा आठवण काढते.

तुझा,
केवळराम

*

वेळवाडी, कोकण
२९ एप्रिल २०२५

भाऊ,

पाकिटावर तुझं अक्षर पाहून आधी घाबरलेच. घरात काही वाईट झालं असं वाटलं. मग वाचलं आणि वाटलं, हेही काही कमी वाईट नाही.

तू लिहिलेला थर मी डोळ्यांनी पाहिला आहे, फक्त आमच्याकडे तो हिरवा नव्हता. मार्चमध्ये एका सकाळी समुद्र विटेच्या रंगाचा झाला. लाटांवर तांबूस फेस, आणि किनाऱ्यावर उभं राहिलं की घशात खवखव. पुढच्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी बोय आणि तारली मरून वाळूवर आली, कावळेसुद्धा खाईनात. सुट्टीत आलेली मुंबईची माणसं नाकाला रुमाल लावून परत गेली. होड्या वर ओढलेल्याच राहिल्या.

मत्स्य खात्याचे लोक पाणी बाटलीत भरून घेऊन गेले. त्यांनी सांगितलं की हे शेवाळच असतं, पण एकेक कण डोळ्याला दिसणार नाही इतका बारीक. ऊन, थांबलेलं पाणी आणि वरून वाहून आलेलं खत मिळालं की ते माजतं. कुठे तांबडं, कुठे हिरवं. मग ते मरून कुजायला लागतं आणि पाण्यातली हवा संपवतं, मासे गुदमरतात. काही जातींत विषही असतं. ते पाण्यातून शिंपल्यांत, माशांत उतरतं.

तुझा तलाव मला तसाच वाटतो. भाऊ, तूच विचार कर. कोणी विष टाकलं असतं तर मासोळी एका दिवसात मेली असती. पाणी महिनाभर आधीपासून थोडं थोडं हिरवं होत आलं नसतं.

हेमेंद्र म्हणतात, औषध कोणतंही टाकू नका. शेवाळ एकदम मारलं तर आतलं विष पाण्यात मोकळं होते. जनावरांना तिकडे जाऊ देऊ नका. आणि मेलेली, झिंगलेली मासोळी खाऊ नका, विकू तर मुळीच नका. स्वच्छ बाटलीत पाणी भरून, बर्फात ठेवून गोंदियाच्या ऑफिसात ने.

आणि इतवारीकाकाचं. मला पोहायला त्यानंच शिकवलं. तुडुमाच्या पायऱ्यांवरून सरळ ढकलून दिलं होतं, आठवते? तोंडाचा तिखट माणूस आहे, पण शिव्या दिल्या म्हणून कोणी तलाव नासवत नाही. गावाला थोडं थांबव. एकदा बोट ठेवलं की ते मागे घेणं फार कठीण जाते.

आमचं सगळं ठीक. इथल्या बायांबरोबर ओहोटीला वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायला जात होते, ते मी सोडलं. गुडघे दुखतात. आता लिलावात पाटी घेऊन बाजारात मासे विकते. खुशी शाळेत जाते, हुशार आहे.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
रीता

*

भिवटोला
१२ मे २०२५

रीता,

तुझं पत्र भेटलं. खरं सांगू, राग आला. मी औषध इचारलं, तू मले शानपण पाठवलं.

समुद्र कुठं अन् आपला तलाव कुठं! तो खारा, त्याचा पत्ता नाही कुठून येते अन् कुठं जाते. आपला तलाव पुरखे लोकाइनं खोदला, चारी बाजूनं आपलीच शेतं. यात खराब येईन तं कोणाच्या तरी हातानंच येईन. अन् तुमच्याकडं कोणाच्या आंगणात गेळाची फळं वाळत होती काय?

मागच्या सोमवारी समाजमंदिरासमोर बैठक झाली. इतवारीले बोलावलं. मी सगळ्यासमोर इचारलं, “गेळ कायले ठेवलं घरी?”

तो म्हणे, “बैलाच्या औषधाले. माझा बाप ठेवत होता, मी ठेवतो.”

“अन् मासोळी सडन म्हटलं ते?”

“म्हटलं. रागात म्हटलं. तू का कधी रागात बोलत नाही?”

मागून पोट्टे ओरडायले लागले. कोणी म्हणे पोलिसात द्या, कोणी म्हणे टोलीवरून काढा. मी मारपीट होऊ दिली नाही, हे ध्यानात ठेवजो. पण पाणकराचं काम त्याच्याकडून काढलं. त्याच्या घरच्याइनं गावातल्या हातपंपावर येऊ नये असं बी ठरलं. ते मी नाही म्हटलं, लोकाइनं म्हटलं. मी फक्त नाही म्हटलं नाही.

दोन दिवसानं तो बायकोले अन् कोंबड्याइले घेऊन चिचगडले लेकीकडं निघून गेला. घराले कुलूप. मनात पाप नसतं तं गेला असता काय?

तुझ्या वहिनीनं बी मले तरास देऊन ठेवला. हापसणारी मासोळी आमी जाळ्यात धरली, जिवंत होती, अर्जुनीच्या बाजारात न्यायची म्हून पाट्या भरल्या. ही आली अन् एक पाटी उचलून उकिरड्यावर उलथी केली. “रीतानं लिहिलं ते वाचलं ना?” म्हणे. “आपल्या घरी शिजवत नाही तं दुसऱ्याच्या पोरायले कायले खाऊ घालतेस?” चार माणसात माझी इज्जत गेली. मंग बाकीच्याइनं बी पाट्या उलथ्या केल्या. पूर्ण सालाची मेहनत मातीत. अध्यक्ष कोण, मी. तोंड कोणाले दाखवू?

तू तिथं मजेत आहेस. तुले इथलं दिसत नाही.

केवळराम

(खाली रुख्माच्या अक्षरात)
रीता, मी चिठ्ठी पाकिटात टाकताना वाचली. तुझ्या भावाले राग आहे, पण तुझं पत्र त्यानं तीनदा वाचलं, मी पाहिलं. बाटलीत पाणी भरून ठेवलं आहे, त्याले सांगतलं नाही. बकारामभाऊ गोंदियाले जाणार आहेत, त्याइच्या हातानं पाठवतो. तू पुन्हा लिही. त्याले पटन असं लिही.

*

वेळवाडी
३० मे २०२५

भाऊ,

हे पत्र मी आधी दोनदा लिहून फाडलं. तुला वाईट वाटेल म्हणून नाही, मला लाज वाटत होती म्हणून. आता लिहिते.

माझे गुडघे दुखत नाहीत.

मार्चमध्ये समुद्र तांबडा झाला तेव्हा सगळे समुद्राकडे बघत होते. खाडीत, जिथे आम्ही तिसऱ्या वेचतो, तिथे पाणी थोडंसंच गढूळ वाटत होतं. शेजारच्या जयवंतीकाकी, मी आणि वाडीतल्या बाया नेहमीसारख्या ओहोटीला गेलो. पाट्या भरून आणल्या. माझ्या घरी त्या दिवशी उपवास, म्हणून मी शिजवल्या नाहीत. काकीच्या घरी शिजवल्या. संध्याकाळी त्यांची सून उलट्या करायला लागली, मग ओठ आणि बोटं बधिर झाली म्हणाली. गाडी करून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. आणखी दोन-तीन घरांत तसंच. सून वाचली, पण बरेच दिवस अंगात ताकद नव्हती.

सगळ्यांच्या घरी कोणी ना कोणी आजारी, एक आमचंच घर ठीक. आणि हेमेंद्र कोळंबीच्या तळ्यावर कामाला. तळ्याचं पाणी खाडीत सोडतात. पुढचं तुला सांगायला नको, तू बैठकीत बसलेला माणूस आहेस.

बाया दारात आल्या. एक म्हणाली, “तळ्यात कसला औषध घातलास? सांग!” मी म्हटलं, औषध नाही हो, समुद्रच बिघडला आहे. तर जयवंतीकाकी म्हणाल्या, “तुमच्या रानात चालत असात असला. हंय नाय चालाचा.” ज्या काकीनं मला वाळूत बोट घालून तिसरी कशी ओळखायची ते शिकवलं, त्या काकी.

तेव्हापासून मला ओहोटीला कोणी हाक मारत नाही. बाजारात बायांची रांग बसते, तिच्यात मला जागा नाही. मी गटाराच्या टोकाला एकटी पाटी मांडते. अनोळखी गिऱ्हाईक आलं तर पलीकडून कोणीतरी हळूच सांगतं आणि ते पुढे निघून जातं. विहिरीवर मी सगळ्यांचं झाल्यावर जाते. हातपंपाचं तू लिहिलंस ना, ते वाचताना माझ्या हातात कळशी होती.

खात्याचा अहवाल आला. शेवाळाचं विष शिंपल्यांत उतरलं, असं त्यात स्पष्ट होतं. ग्रामपंचायतीत वाचूनही दाखवला. सगळे ऐकून घरी गेले. खोटं ठरलं तरी माणसं मागे येत नाहीत भाऊ. मागे यायला वाट लागते, ती कोणी काढून देत नाही.

तळ्याचं पाणी खाडीत जाते हे मी नाकारत नाही. त्यात उरलेलं खाद्य असते, त्यानंही शेवाळ पोसत असेल. हेमेंद्रनं मालकाला तसं सांगितलंसुद्धा. वाडीतल्या संडासांचं पाणी जाते, वरच्या बागांचं खत जाते. थोडं थोडं सगळ्यांचं आहे. पण सगळ्यांचं नाव घेता येत नाही, म्हणून बाहेरून आलेल्या एका बाईचं घेतलं.

त्या दिवसांत खुशी शाळेतून आली आणि दप्तर न काढताच मला विचारलं, “आई, आपण विष टाकलं होतं का?”

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, “नक्की ना?”

भाऊ, पोरीला आपल्या आईवर शंका आली. इतवारीकाकाच्या लेकीनं चिचगडला दार उघडलं असेल, तेव्हा तिनं बापाच्या तोंडाकडे कसं बघितलं असेल, हे मला इथे बसून दिसते. तू लिहिलंस की मला इथून दिसत नाही.

हे सगळं तुला आधी का नाही सांगितलं? तू काळजी करशील म्हणून. आणि तू म्हणशील, परत ये. मला परत यायचं नाही. पळून आले तर खरंच काही केलं होतं असं होईल. तूच तर लिहिलंस, पाप नसतं तर गेला असता काय.

वहिनीला सांग, बाटली पाठवली हे छान केलं.

रीता

*

भिवटोला
२० जुलै २०२५

रीता,

तुझ्या पत्राले उत्तर द्यायले एवढा उशीर झाला, त्याचं कारण हे का मी पेन धरत होतो अन् ठेवत होतो.

तुझं पत्र मी पाळीवर जाऊन वाचलं. वाचून फोन लावला. तू उचलला, अन् मले बोलता आलं नाही. तू हॅलो हॅलो करून राहिली अन् मी कापला. तो टॉवरचा दोष नव्हता.

आधी बाटलीचं. बकारामनं ती पोचवली. जूनच्या सुरवातीले संध्या मॅडम म्हून ऑफिसातल्या बाई गावात आल्या. नवीनच नोकरीवर लागल्या असतीन, पण तलावाभोवती पूर्ण फिरल्या. पाण्यात विष टाकल्याचं काही भेटलं नाही म्हणे, निळं-हिरवं शेवाळ आहे. आपण काई म्हणतो त्याचाच एक विषारी जातभाई. मंग त्याइनं इचारलं, उन्हाळी धान किती झालं? युरिया किती टाकला? गुरं कुठं धुता? अन् मासोळीले खायले काय टाकलं? मी सांगतलं, कोंबडखत. कितीक? मी म्हटलं, ट्रॅक्टरनं. त्या काही रागावल्या नाही. एवढंच म्हणल्या, “दादा, एवढा मोठा तलाव एका माणसाच्या हातानं बिघडत नसते.”

लोकाइनं ऐकलं, माना डोलवल्या अन् घरी गेले. इतवारीचं नाव कोणी काढलं नाही. तू लिहिलं होतं तसंच. मी बी नाही काढलं. रातभर तुझी पोरगी माझ्या कानात इचारत राहिली, नक्की ना, नक्की ना.

पाऊस लागल्यावर मी चिचगडले गेलो. बसनं देवरी, तिथून चिचगड, पुढं चिखलातून पायदळ. रुख्मा म्हणे मी बी येतो, मी म्हटलं नको. इतवारी लेकीच्या बांदीत धानाचा रोवणा करून राहिला होता. मी धुऱ्यावर उभा राहिलो. त्यानं पाहिलं अन् पुन्हा खाली वाकला. कोणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी चप्पल काढली, पायजमा वर केला, रोपाची पेंडी उचलली अन् त्याच्या बाजूनं रोवायले लागलो. त्याची लेक दोन बांद्या सोडून होती. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं ते पाहिलंच.

जेवणाच्या टायमाले तो झाडाखाली बसला. मी बी बसलो. मी म्हटलं, “इतवारीकाका, माझं चुकलं. तलावात विष नव्हतं.”

तो म्हणे, “मले माहीत आहे विष नव्हतं. तुले आता समजलं.”

“माफ कर मले.”

तो भाकर खात राहिला. मंग म्हणे, “इथं कायले सांगतेस? इथं मले कोणी बदमाश म्हटलं नाही. जिथं म्हटलं तिथं सांग.”

“तू चाल मंग संगं.”

“मी कायले येऊ? ऐकायले? मले तं आधीच माहीत आहे.”

त्याच्या लेकीनं मले भाकर दिली. दिली म्हणजे पुढं ठेवली अन् निघून गेली. अशी भाकर घशाखाली उतरत नाही, पण मी खाल्ली.

परत येऊन समाजमंदिरासमोर बैठक बोलावली. मी उभा राहिलो. म्हटलं, “इतवारी मडावीवर मी खोटा आळ घेतला. पुरावा नव्हता. नुकसान माझ्या डोक्यावर येईन म्हून मले कोणीतरी पाहिजे होता. तलावात सगळ्यात जास्त खराब मीच टाकलं, कोंबडखत. अन् हातपंपाची गोष्ट निघाली तवा मी चूप राहिलो.” एक पोट्टा हासला. दोघं-तिघं उठून गेले. एक बुढा म्हणे, “अध्यक्ष, आमचं नाव कायले घेतेस?” मी म्हटलं, “तुमचं नाही घेतलं, माझंच घेतलं.” मंग मी अध्यक्षपद सोडतो म्हटलं, तं ते कोणी घ्यायले तयार नाही. तसंच राहिलं.

शेवटी बकाराम उठला, ज्याच्या बकऱ्या मेल्या तो. म्हणे, “हातपंप सगळ्याइचा आहे. लिहून घ्या.” तेवढं झालं. इतवारी अजून आला नाही. तुडूम मीच उघडून राहिलो, अन् पाणी खालच्या शेतात बरोबर जात नाही म्हून रोज शिव्या खाऊन राहिलो.

आता तुझं. तुले परत ये म्हणणार नाही. पण तू एकटी गटाराजवळ बसतेस, ते मले सहन होत नाही.

केवळभाऊ

*

वेळवाडी
४ ऑगस्ट २०२५

भाऊ,

पत्र वाचून खूप रडले. हेमेंद्र घाबरले, म्हणाले काय झालं. मी म्हटलं, चांगलंच झालं.

इथे पावसाळी बंदी नुकतीच संपली, होड्या समुद्रात जायला लागल्या. पाणी आता स्वच्छ आहे. माणसं तशीच आहेत, पण मी सवय करून घेतली. खुशीला एक मैत्रीण मिळाली आहे. माझ्यासाठी तू काही करू नकोस. इथे येऊन भांडण तर करूच नकोस, तुझा राग मला माहीत आहे.

धान सांभाळ. वहिनीला घट्ट मिठी.

रीता

*

वेळवाडी
२५ ऑक्टोबर २०२५

प्रिय रुख्मा वहिनी,

भावाच्या बायकोला पहिल्यांदाच वेगळं पत्र लिहिते आहे. कारण तुझा माणूस इथे ओट्यावर बसून हेमेंद्रबरोबर जाळं विणत आहे, त्याला काय पत्र लिहू?

न सांगता आला. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी दारात उभा, हातात नव्या तांदळाची पिशवी. तू हलक्या धानाची कापणी एकटीनं अंगावर घेऊन त्याला पाठवलंस, हे त्यानं सांगितलं. मी तुझे पाय धरायला हवेत.

त्यानं समुद्र पाहिला. मग म्हणाला, “एवढं पाणी, तरी बिघडते?” मी म्हटलं, बिघडते. खुशीनं त्याला लाटेत ओढलं तेव्हा लहान पोरासारखा ओरडला.

ओवाळणी झाली, आणि काल तो म्हणाला, “तुझ्यासंगं बाजारात येतो.” मी नको नको म्हटलं. ऐकेल तर तो केवळभाऊ कसला! माझी पाटी त्यानंच डोक्यावर घेतली आणि गटाराच्या टोकाला माझ्या बाजूला मांडी घालून बसला. बाया बघायला लागल्या. मला वाटलं, आता भांडतो.

तो उठला आणि रांगेपाशी गेला. हात जोडून म्हणाला, “मी रीताचा मोठा भाऊ. गोंदियाकडून आलो. आमच्याकडं बी तुमच्यासारखंच पाणी बिघडलं होतं.” मग त्यानं सगळं सांगितलं. आपल्या बोलीत, भरभर, थांबत थांबत. बकऱ्या मेल्या ते, गेळाची फळं, बैठक, हातपंप. इतवारीकाकाला हाकललं ते. “तो माणूस निर्दोष होता. मी हाकललं त्याले. अन् त्याच टायमाले माझी बहीण इथं तशीच बसली होती, ते मले मागून समजलं.” बायांना सगळे शब्द कळले असतील असं वाटत नाही. पण गोष्ट कळली. माझ्याबद्दल तो आणखी काहीच बोलला नाही. तुम्ही असं केलं, तुमची चूक झाली, एक शब्द नाही. मी खाली मान घालून माशांवर पाणी शिंपडत बसले होते.

जयवंतीकाकीनं विचारलं, “मगे त्या म्हाताऱ्यान माफ केल्यान?”

भाऊ म्हणाला, “नाही. पोळ्याच्या टायमाले परत आला. लोकाइचं धान वाळून राहिलं होतं, म्हून तुडूम हाती घेतला. काम केलं, माफ नाही केलं. मले बोलत नाही. मी पाळीवर दिसलो का दुसरीकडं पाहते.”

“मगे तू काय करतंस?”

“मी रोज राम राम करतो. काय करणार?”

गिऱ्हाईक आलं, त्याला काकींनी बांगडे दिले, हात धुतले. मग उठल्या, आपली पाटी उचलली आणि सरकवून ठेवली. शेजारणीला कोपरानं ढोसलं, तीही सरकली. मध्ये एका पाटीपुरती जागा झाली. काकी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “उन्हात कित्याक बसलंस? हंय ये.”

मी लगेच उठले नाही वहिनी. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. एवढे महिने गेले आणि आता ‘ये’, असं मनात आलं. पण भाऊ पाटी उचलून चालायला लागला होता, मासे त्याच्याकडे. मग गेले. काकीच्या सुनेची तब्येत विचारली. बरी आहे म्हणाल्या, दिवस गेले आहेत तिला. एवढंच बोललो. बाकीच्या दोघी अजूनही माझ्याकडे पाठ करून बसतात. बसू दे.

भाऊ परवाच्या गाडीनं निघेल, मंडईची जत्रा भरण्याआधी गावात पोचेल. आज त्यानं माझ्याकडून सुके बांगडे मागून घेतले, चांगले निवडून, आणि कागदात दोनदा गुंडाळले. तुमच्यासाठी का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, “नाही, इतवारीकाकासाठी.”

मी म्हटलं, “तो घेईल का भाऊ?”

म्हणाला, “नाही घेईन बहुतेक. नेतो तरी.”

तुझी,
रीता